टायग्रिस: वाघ, बाण की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: टायग्रिस नदीचं हे नाव ग्रीक आणि लॅटिनमध्ये आलं कुठून? त्याचा वाघाच्या 'टायगर'शी संबंध आहे का? रोमन लेखक तर सांगतात की या नावाचा अर्थ 'बाण'. मग आपण मराठीत 'काय मोठा तीर मारलास?' म्हणतो, तो तीर आणि ही नदी एकच का?

आधी एक कबुली देतो. प्राचीन भाषा शिकवायला लागलो तेव्हा पहिली काही वर्षं मीही वर्गात बिनदिक्कत सांगायचो, टायग्रिस म्हणजे बाण, वेगाने वाहते म्हणून. रोमन लेखक प्लिनीनेच तसं लिहिलंय म्हटल्यावर विद्यार्थी माना डोलवायचे. मग एकदा एका मुलीने विचारलं, "सर, पण नदीकाठचे लोक तिला काय म्हणायचे?" तेव्हा जाणवलं की ही साधी चौकशी मी स्वतः कधी केलीच नव्हती. उत्तराची सुरुवात तिथूनच करायला हवी.

नदीकाठचे लोक तिला टायग्रिस म्हणत नव्हते. आजही म्हणत नाहीत. मोसुल किंवा बगदादमध्ये तिचं नाव दिजला, तुर्कस्तानात उगमाकडे दिज्ले. मागे जाल तसं याच नावाचं जुनं रूप दिसत जातं. सिरियाक भाषेत देक्लत, हिब्रू बायबलमध्ये हिद्देकेल, प्राचीन इराकच्या अक्कडी भाषेत इदिक्लत, आणि त्याही आधी तिथल्याच सुमेरी भाषेत इदिग्ना. लगाश या सुमेरी शहराचा राजा गुदेआ याने मंदिर बांधल्याची हकिकत मातीच्या दोन मोठ्या नळकांड्यांवर कोरून घेतली होती, साधारण ४,१०० वर्षांपूर्वी. ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. त्यातल्या पहिल्या नळकांड्यावर सुरुवातीलाच एन्लिल देवाच्या हृदयाला इदिग्नाची उपमा दिली आहे, गोडं पाणी घेऊन येणारी नदी म्हणून. इदिग्नापासून दिजलापर्यंत एक सलग धागा आहे. सुरुवातीचा इ गळाला, मधला क/ग अरबीत ज झाला, पण नाव तेच. चार हजार वर्षांत राज्यं गेली, भाषा बदलल्या, लिप्या विस्मरणात गेल्या, तरी काठावरच्या लोकांच्या तोंडून हे नाव काही सुटलं नाही.

म्हणजे ग्रीकांचं 'तिग्रिस' या सरळ रेषेवर बसत नाही. ती बाजूला फुटलेली फांदी आहे आणि ती फुटली इराणमध्ये.

याचा पुरावा बेहिस्तूनच्या कड्यावर आहे, पश्चिम इराणमध्ये केरमानशाहजवळ. दारयवहुष म्हणजे पर्शियन सम्राट दरायस पहिला याने तिथे आपल्या सुरुवातीच्या लढायांचा वृत्तांत जुनी पर्शियन, एलामी (नैऋत्य इराणमधली जुनी भाषा) आणि बाबिलोनी (अक्कडीचंच एक रूप) अशा तीन भाषांत कोरून घेतला. इ.स.पू. ५२२ च्या डिसेंबरात बाबिलोनच्या एका बंडखोराची फौज या नदीचा काठ धरून बसली होती, तो प्रसंग त्यात आहे. बाबिलोनी मजकुरात नदीचं घरचंच नाव आहे. एलामीत आणि जुन्या पर्शियनमध्ये मात्र ती झाली आहे 'तिग्रा'.

हा उतारा मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहितो, कारण संस्कृत येणाऱ्याला तो जवळजवळ आपोआप कळतो. नदी 'नाविया' होती असं राजा म्हणतो. संस्कृतातलं 'नाव्य', म्हणजे नावेवाचून पार न होणारी. मग त्याने सैन्य 'मश्का'वर चढवलं, म्हणजे हवा भरलेल्या कातड्यांवर. उर्दूतली मश्क, आपली पखाल, ती हीच. काहींना उंटावर बसवलं: 'उशबारी', यात उष्ट्र लपलेला आहे. काहींसाठी घोडे आणले: 'अस', म्हणजे अश्व. आणि मग वाक्य येतं, 'तिग्राम् वियतारयामा'. संस्कृतात मांडायचं तर 'तिग्रां व्यतारयाम', आम्ही तिग्रा तरून गेलो. आपलं तरणं, तारणं, सगळं याच धातूचं. दोन हजार पाचशे वर्षांपूर्वीचा इराणी राजा असा ओळखीच्या भाषेत बोलायला लागला की वर्गात क्षणभर शांतता पसरते, हा माझा दरवेळचा अनुभव आहे.

आता इदिक्लतचं तिग्रा कसं झालं? आरंभीचा स्वर गेला, ते वर पाहिलंच. क्ल चं ग्र का झालं, याचं अर्धं उत्तर जुन्या पर्शियनच्या स्वभावात आहे. त्या भाषेला स्वतःचा असा 'ल' नव्हता. मोजक्या परक्या नावांत तो दिसतो, एरवी ल आला की त्याचा र व्हायचा. बाबिलोनचं अक्कडी नाव बाबिलु किंवा बाबिली, ते पर्शियनमध्ये बाबिरुश. आजच्या इराकी कुर्दिस्तानातलं अर्बिल तेव्हा अर्बेला, ते पर्शियनमध्ये अर्बैरा. आपल्याकडे 'रलयोरभेदः', म्हणजे र आणि ल यांत भेद नाही, असं म्हणतात त्याचंच हे इराणी उदाहरण. एलामींनी आधी बदल केला आणि पर्शियनांनी तो उचलला, असं साधारण मानलं जातं, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण पर्शियन दरबाराची जुनी कारकुनी एलामी भाषेतच चालायची.

पण नुसत्या ध्वनींनी हे नाव 'तिग्रा'वर येऊन थांबलं असतं असं मला वाटत नाही. ते तिथे थांबलं कारण पर्शियन कानाला तो शब्द ओळखीचा वाटला. 'तिग्र' म्हणजे टोकदार. याचा पुरावाही त्याच कड्यावर आहे. पाचव्या स्तंभात दारयवहुष टोकदार टोप्या घालणाऱ्या शकांवरच्या स्वारीबद्दल सांगतो आणि शब्द वापरतो 'खौदाम् तिग्राम्', टोकदार टोपी. शिल्पात बंदिवानांच्या रांगेत शेवटी उंच निमुळत्या टोपीचा शक नायक उभाही आहे. खौदा स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणाचं रूप 'तिग्राम्'. आणि नदी ओलांडली तिथेही 'तिग्राम्'. एकाच दगडावर, अक्षरशः एकच रूप, एकदा टोपीचं विशेषण म्हणून आणि एकदा नदीचं नाव म्हणून. पर्शियन माणसाला ही नदी 'टोकदार बाई' वाटत असणार. अर्थ जरा विचित्र खरा, पण परक्या नावाला ओळखीच्या शब्दाचा आकार देताना लोक अर्थाच्या फार खोलात जात नाहीत. आवाज जुळला की पुरतं.

या 'तिग्र'चं गोत मोठं आहे. संस्कृतातला तिज् हा धातू, त्यापासून तीक्ष्ण, तिग्म, तेज. सूर्याला तिग्मांशु म्हणतात तो तीक्ष्ण किरणांचा म्हणून. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत बाणाला 'तिग्रि', तोच पुढे झिजून फारसीत 'तीर' झाला, आणि फारसीतून आपल्याकडे तिरंदाज, तीरकमान, तीर मारणे. तेव्हा प्रश्नातल्या शेवटच्या भागाचं उत्तर: होय, मराठीतला बाण-अर्थाचा तीर आणि टायग्रिस हे नाव यांचं नातं आहे, पण ते तिग्रा या पर्शियन रूपापुरतंच. इदिग्नाशी तीराचं काही देणंघेणं नाही.

आणि इथेच एक सापळा आहे. मराठीत दुसराही तीर आहे, नदीचा. 'टायग्रिसच्या तीरावर' असं वाक्य लिहिलं की कुणालाही मोह व्हावा, की बघा, नदी, तीर, तिग्र, सगळं एकच! नाही. काठ या अर्थाचा तीर संस्कृत आहे, बाणाचा तीर फारसी आहे, दोन्ही वेगवेगळ्या घरांतून येऊन मराठीत शेजारी राहायला लागले. उच्चार शंभर टक्के सारखा, नातं शून्य. उच्चार जुळला म्हणून व्युत्पत्ती मांडणाऱ्या कुणालाही मी हे दोन तीर आधी दाखवतो.

ग्रीकांकडे नाव गेलं ते पर्शियनांमार्फत. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात लिहितो तेव्हा त्याच्याकडे रूप आहे 'तिग्रेस', त्याच्यानंतरच्या झेनोफोनकडेही तेच. आयोनियन ग्रीक बोलीत मूळच्या दीर्घ आ चा ए होतो, आणि ग्रीकांच्या नद्या पुल्लिंगी, म्हणून शेवटी स्. तिग्रा ही नदी ग्रीकांत जाऊन 'तो तिग्रेस' झाली. आपल्याकडे सिंधू, शोण, ब्रह्मपुत्र असे मोजके नद सोडले तर बाकी सगळ्या नद्या. ग्रीकांकडे जवळजवळ सगळेच नद. तिग्रिस हे रूप नंतर रूढ झालं, तेच लॅटिनने घेतलं आणि तिथून युरोपभर गेलं. इंग्रजीने त्याचा उच्चार टायग्रिस केला आणि तो आपण शाळेच्या पुस्तकातून उचलला. म्हणजे सुमेरी, अक्कडी, एलामी, पर्शियन, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी आणि मग मराठी, असा हा प्रवास आहे.

सिंधूच्या बाबतीतही मधला दलाल पर्शियनच होता. सिंधु, पर्शियन उच्चारात स चा ह होऊन हिंदु, आयोनियन ग्रीकांनी ह टाकला आणि इंदोस, लॅटिनमध्ये इंदुस. ग्रीक थेट सिंधूकाठी येऊन नाव विचारते, तर आज इंडिया हा शब्दच नसता.

आता बाणाची गोष्ट. इ.स.पू. पहिल्या शतकातला वारो हा रोमन विद्वान वाघाबद्दल लिहिताना म्हणतो की तिग्रिस हा शब्द आर्मेनियाच्या भाषेतला, तिथे बाणाला आणि अतिवेगवान नदीला हेच म्हणतात. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो, ही नदी एका सरोवरातून इतक्या वेगाने जाते की तिचं पाणी सरोवरात मिसळत नाही, म्हणून हे नाव, कारण मेदी लोक (इराणमधलेच एक प्राचीन लोक) बाणाला तिग्रिस म्हणतात. रोमन इतिहासकार कुर्तियुस रूफुस अलेक्झांडरची मोहीम सांगताना तेच म्हणतो. इ.स.पू. ३३१ मध्ये गौगामेलाच्या लढाईआधी सैन्याने ही नदी ओलांडली, प्रवाह दगडधोंडे वाहून नेत होता, आणि पर्शियन भाषेत बाणाला तिग्रिस म्हणतात म्हणून हे नाव.

यातली भाषिक माहिती बरीचशी बरोबर आहे, हे आधी कबूल केलं पाहिजे. इराणी भाषांत बाणाला तसा शब्द होता. नदीही खरोखर वेगवान. झाग्रोस पर्वतातून उतरणाऱ्या उपनद्या तिला भरतात, वसंतात बर्फ वितळलं की ती अंगावर येते, युफ्रेटिस त्या मानाने शांत. म्हणूनच ही व्युत्पत्ती इतकी पटते. चुकीच्या व्युत्पत्तीला एखादी खरी गोष्ट टेकू देत असेल तर ती शतकानुशतकं उभी राहते. मी स्वतः तिच्या सावलीत काही वर्षं काढलीच की.

माझ्या मते या सगळ्यात मौल्यवान वाक्य आहे थोरल्या प्लिनीचं, इ.स. पहिल्या शतकातलं. तो म्हणतो, ही नदी जिथे संथ वाहते तिथे तिचं नाव दिग्लितुस, आणि जिथून ती वेग घेते तिथून तिला तिग्रिस म्हणू लागतात, 'इता अपेलांत मेदी सगित्तम', मेदी लोक बाणाला असं म्हणतात. (सगित्ता म्हणजे बाण, लॅटिनमध्ये धनु राशीचं नाव सगित्तारियुस याच शब्दावरून.) आता हे दिग्लितुस नीट वाचा. दिग्लत. इदिक्लत. दिजला! प्लिनीच्या हाती एकाच नदीची दोन नावं आली होती, एक काठावरच्या लोकांचं आणि एक इराणी लोकांचं. दोन भाषांची दोन नावं असतील हे त्याला सुचलं नाही. त्याने त्यांची वाटणी वेगानुसार करून टाकली. चूकच, पण अशा चुकीमुळे आपल्याला कळतं की त्या काळीही स्थानिक नाव जिवंत होतं आणि रोमपर्यंत ऐकू येत होतं. गंमत म्हणजे सिंधूच्या बाबतीत हाच प्लिनी सरळ लिहितो की इंदुसला तिथले रहिवासी सिंदुस म्हणतात. तिथे त्याला बरोबर कळलं.

आणि असं नाव वाकवणारे पर्शियन एकटे नव्हते. बाबिलोनमधल्या ज्यू पंडितांनी हिद्देकेल या हिब्रू रूपाची फोड तालमूद या आपल्या धर्मग्रंथात दिली आहे: पाणी 'हद' म्हणजे तिखट आणि 'कल' म्हणजे हलकं, चपळ. ज्या भाषेचा माणूस, त्या भाषेतला अर्थ. फारसीत तर नंतर या नदीला वेगळंच नाव मिळालं, अर्वंद, म्हणजे वेगवान. संस्कृतात वेगवान घोड्याला अर्वन् म्हणतात, त्याच कुळातला शब्द. फारसी कवी फिरदौसी शाहनाम्यात सांगतो की पहलवी, म्हणजे जुनी फारसी, येत नसेल तर अर्वंदला अरबीत दिजला म्हण. आज इराणमध्ये अर्वंद रूद हे नाव दिजला आणि फुरात (युफ्रेटिस) एकत्र आल्यावर पुढे वाहणाऱ्या पात्राला, शत्त-अल-अरबला, आहे.

जोडीदार युफ्रेटिसचीही हीच कथा, दोन ओळींत सांगतो. सुमेरी बुरानुना, अक्कडी पुरत्तु, पर्शियन उफ्रातु, ग्रीक एउफ्रातेस. पर्शियन रूपाच्या आरंभी आलेला 'उ' म्हणजे आपला 'सु', चांगला. ग्रीकांनी त्याचा 'एउ' केला, आणि ग्रीकात एउ म्हणजेही चांगला. एका परक्या नावाला लागोपाठ दोन भाषांनी 'सु' चिकटवला! अरबीत मात्र फुरात, त्या उपसर्गाचा मागमूस नाही.

वाघाचं काय? नदीचं नाव वाघावरून पडलेलं नाही, हे निश्चित. पर्शियन शिलालेखात ते वाघाशिवाय हजर आहे आणि त्यामागे इदिक्लत आहे. उलट वाघाचं ग्रीक नाव कुठून आलं, हा अधिक अवघड प्रश्न आहे. बहुतेक कोशांत ते याच इराणी 'तिग्र'शी जोडलेलं असतं, बाणासारखी झेप म्हणून. पण वाघाला तिग्र म्हणणारी इराणी भाषा कुठे आहे? फारसीत वाघ म्हणजे बब्र. वारो ज्या आर्मेनियनचा हवाला देतो तिच्यात वाघ म्हणजे वग्र, आणि त्यात तुम्हाला आपला व्याघ्र ऐकू येईलच. इ.स.पू. ४०० च्या सुमारास पर्शियन दरबारात वैद्य असलेला ग्रीक क्तेसियास भारतातल्या एका नरभक्षक श्वापदाचं वर्णन करतो आणि नाव देतो मार्तिखोरास. पुढे पौसानियास या ग्रीक लेखकाने म्हटलं की हा वाघच असावा. मार्तिय म्हणजे माणूस, आपला मर्त्य, आणि खोर म्हणजे खाणारा. लाचखोर, नफेखोर, हरामखोर यांतला खोर तोच! म्हणजे ज्याला पर्शियन दरबाराची बित्तंबातमी होती त्यानेही तिग्रिस हा शब्द वापरला नाही.

अलेक्झांडरचा नौदल-प्रमुख नेआर्खोस भारतात वाघाचं फक्त कातडं पाहू शकला, प्रत्यक्ष वाघ नाही. भारतीयांनी त्याला सांगितलं की तो मोठ्या घोड्याएवढा असतो आणि वेगाने कुणाला हार जात नाही. अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस याने अथेन्सला वाघ पाठवल्याचा उल्लेख एका ग्रीक विनोदी नाटकाच्या तुकड्यात आहे. रोममध्ये पाळीव वाघ लोकांसमोर आणला तो सम्राट ऑगस्टसने, इ.स.पू. ११ मध्ये. तोपर्यंत नदी ग्रीक ग्रंथांत चारशे वर्षं वाहत होती. नदीचं तिग्रेस बदलून तिग्रिस होण्यात मात्र प्राण्याच्या नावाचा हात असू शकतो. ग्रीक माणसाने दोन सारखे शब्द एकाच साच्यात घातले असतील. मी इतकंच मान्य करतो.

एक धागा राहिला: खुद्द इदिग्नाचा अर्थ काय? 'वाहतं पाणी' अशी सुमेरी फोड अनेक पुस्तकांत सापडेल. बेनो लांड्सबेर्गर या असीरियाविद्येच्या मोठ्या अभ्यासकाचं मत होतं की इदिग्ना आणि बुरानुना ही नावं मुळात सुमेरी नाहीतच, सुमेरी लोक येण्याआधी तिथे राहणाऱ्यांची ती असावीत. ते मत सर्वांना मान्य नाही, पण मला 'वाहतं पाणी' हेही थोडं प्लिनीच्या बाणासारखंच वाटतं, फार सोयीचं. कदाचित सुमेरी लोकांनीही एक परकं नाव ऐकलं आणि त्यात आपला अर्थ पाहिला.

मराठीत लिहिताना काय वापरावं, असंही मला कधी कधी विचारलं जातं. प्राचीन ग्रीक-रोमन संदर्भ असेल तर तिग्रिस लिहायला हरकत नाही. टायग्रिस शाळेपासून रुळलेलं आहे, ते कुणाला खटकत नाही. पण मोसुलच्या पुलावर उभ्या असलेल्या माणसाबद्दल लिहीत असाल तर मी दिजला लिहितो. तो माणूसही तेच म्हणत असतो.